चमचाभर पाण्याची गोळी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "सिस्टर, दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा. फराळ खाताखाता माणसाला हसू आलं पाहिजे." गमतीजमती माझ्याकडे ढिगानं आहेत. झोपेत स्वतःची कवळी गिळून, ती चोरीला गेली म्हणून घरातल्या सगळ्यांवर आळ घेणारे एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्याकडे आले होते. आम्ही कवळी काढून हातात ठेवली, तर म्हणाले, "ही माझी नव्हे." असल्या पाच-पंचवीस गोष्टी मी बसल्या बैठकीला लिहून देईन. पण यंदा नाही. यंदा मला भांडायचं आहे, आणि तेही घरच्याच माणसांशी. म्हणजे डॉक्टर, नर्सा, औषधवाले, आणि त्यांत मीही आले.

कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात मी एकतीस वर्षं नर्स होते. सगळे मला मुजावर सिस्टर म्हणायचे. त्यातली शेवटची बावीस वर्षं दुर्बिणीच्या खोलीत गेली. बोटाएवढी जाड काळी नळी तोंडातून आत घालायची, तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा, आणि अन्ननलिका, जठर सगळं पडद्यावर बघायचं. नळी घालतात डॉक्टर. बाकीचं नर्सच्या गळ्यात. घशात बधिर करणारा कडू फवारा मारायचा, पेशंटनं नळी चावू नये म्हणून दातांत प्लास्टिकची कडी द्यायची, डोकं धरायचं, लाळ पुसायची आणि सारखं बोलत राहायचं, "नाकानं श्वास घ्या, झालंच, झालंच." झालेलं काही नसतं, पण म्हणायचं. तालमीत जोर मारून दंड फुगलेले गडी त्या टेबलावर माझा हात असा आवळून धरायचे, की संध्याकाळी चपात्या लाटताना बोटं वळायची नाहीत. डॉक्टर पडद्याकडं बघतात आणि नर्स माणसाकडं बघते, एवढाच आमच्या दोघांत फरक. म्हणून काही गोष्टी डॉक्टरांच्या आधी नर्सला कळतात.

आता माझ्या रागाचं कारण सांगते. औषध कुठलं, किती, कितीदा, हे माणसाला दहा जण सांगतात. ते गिळायचं कसं, हे कुणी सांगत नाही. अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी, वीतभराहून जरा लांब अशी मऊ नळी. आपल्याला वाटतं, गिळलेली गोळी विहिरीत खडा पडावा तशी थेट खाली जाते. तशी ती जात नाही. ही नळी आवळत आवळत घास पुढं ढकलते आणि त्यासाठी तिला ओलावा लागतो. घोटभर पाण्यावर टाकलेली गोळी मधेच कुठंतरी चिकटते. वर माणूस लगेच आडवा झाला, की ती तिथंच बसते आणि तिथंच विरघळते. जठराला आम्लाची सवय असते, या नळीला कशाचीच नसते. औषध एका जागी साचून आतलं अस्तर भाजून काढतं. काही अँटिबायोटिकच्या कॅप्सूल, काही दुखण्यावरच्या गोळ्या, लोहाच्या, पोटॅशियमच्या, आणि हाडं बळकट व्हावीत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, या त्यातल्या खोडकर. उपाय काय? भांडंभर पाणी प्या आणि अर्धा तास बसून राहा. याहून सोपा उपाय अख्ख्या वैद्यकात नसेल. म्हणूनच बहुतेक तो सांगायला कुणाची जीभ रेटत नाही.

कोल्हापुरात छातीत जळजळलं की आरोपी आधीच ठरलेला असतो, तांबडा रस्सा. घरचे म्हणतात रस्सा, शेजारी म्हणतात रस्सा, डॉक्टरही नाडी हातात घ्यायच्या आत म्हणतात, "तिखट बंद करा." एका बिचाऱ्यानं आठ महिने रस्सा सोडला होता. पाहुण्यांच्या पंगतीत दहीभात खायचा आणि तोंड असं करायचा जणू सुतकात बसलाय. गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी मात्र रोज अंथरुणात पडल्या पडल्या, थुंकीवर गिळायचा. आठ महिन्यांत एकानंही त्याला विचारलं नाही, की बाबा, गोळी गिळतोस कशी? शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या एका शाळेवर शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. तोंडावरच्या पुळ्यांसाठी दिलेली कॅप्सूल एसटीत बसून बाटलीच्या एका घोटावर घ्यायच्या. मी ओरडले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, शाळेत बायकांना जायला जागा नाही. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत मी पाणी पीत नाही." गोळीच्या पाकिटावर हे कुठं लिहायचं? बाईमाणसानं पाणी प्यायचं की नाही, हे तिची तहान ठरवत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

पण मी जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिला साधी शिंकसुद्धा आली नव्हती. ती पेशंट नव्हतीच. ती सून होती.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षातली गोष्ट. नावं बदलते आहे. मलकापूरच्या हौसाबाईंना चाकाच्या खुर्चीवरून आणलं. वय सत्तरीच्या पुढं. दीड महिन्यापूर्वी भरलेली कळशी उचलताना पाठीत कट्‌कन वाजलं होतं. आमच्याच दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, हाडं ठिसूळ झाल्यानं मणका दबलाय, घरी नेऊन पडून राहू द्या. आणि आता गेले तीन आठवडे आज्जी जेवत नव्हत्या. बरोबर तिघं होते. मुलगा सुभाष, तोंडात मूग धरलेला. सून सुरेखा, चाळिशीची, हातात औषधांची पिशवी. आणि जयसिंगपूरला दिलेली लेक, मंगल. तिचा आवाज लिफ्टमधूनच ऐकू येत होता.

"सिस्टर, माझी आई बघा की! हाताच्या काटक्या झाल्यात. हिच्या ताब्यात दिलती, हिनं ही दशा केली. वाटीभर पेज पोटात न्हाई."

"आक्का, मी वाटी घेऊन तासतासभर बसतोय की," सुरेखा म्हणाली. "आत्तीच तोंड फिरवत्यात."

"फिरवतील न्हाईतर काय करतील! तिखटजाळ करून वाढत असशील. सासू बिछान्याला खिळली म्हंजे सुनंचं फावतंय, मला काय कळत न्हाई व्हय?"

मी दार लावून घेतलं. नातेवाईक बाहेर गेले की पेशंट खरं बोलतो, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. आज्जींना विचारलं, कुठं दुखतं? त्यांनी छातीच्या हाडावर बरोबर मध्यभागी एक बोट ठेवलं.

"हितं. कायबी गिळलं की सुरी फिरल्यागत हुतंय. पाणीबी न्हाई उतरत."

"आज्जी, गोळ्या कुठल्या घेता?"

"ती सोमवारची. हाडाची."

"कशी घेता? बसून?"

"बसायचं न्हाई म्हणालेत की डाक्टर. पाठीवर पडायचं. सुरेखा तोंडात ठेवती आनि चमच्यानं पाणी सोडती."

"एक चमचा?"

आज्जींनी दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "ती जास्त द्याया बघती. मीच नगं म्हणतो. जास्त प्यालं की लघवीला भांडं लागतंय, सिस्टर. सुरेखानंच उचलायचं, तिनंच सरकवायचं, तिनंच धुवायचं. तिची कंबर काय लोखंडाची हाय?"

मी सुरेखाला आत बोलावलं आणि फाइल मागितली. आमच्याच दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद. एक ओळ, 'पूर्ण विश्रांती, आडवं राहणे, उठून बसू नये.' त्याच्याच खाली दुसरी ओळ, हाडाची गोळी, 'दर सोमवारी, सकाळी उपाशीपोटी.' अक्षर एकच, शाई एकच, डॉक्टर एकच. जी गोळी घेऊन अर्धा तास बसायलाच हवं, ती बसायला बंदी केलेल्या बाईला लिहून दिली होती. आणि भरपूर पाण्याबद्दल एक अक्षर नाही. गोळीच्या खोक्यात कंपनीचा कागद असतो, त्यात सगळं असतं. पण आमच्या औषधाच्या दुकानातून पट्टी तेवढी पाकिटात आली होती, पाकिटावर पेननं 'सोम' असं लिहून. खोकं दुकानातच राहिलं.

दुर्बीण आत गेली. अन्ननलिकेच्या मध्यावर समोरासमोर दोन व्रण, कडा सुजलेल्या, आणि एकाच्या तळाशी गोळीचा पांढरा चुरा अजून चिकटलेला. डॉक्टर म्हणाले, "गोळीची जखम आहे. गाठबिठ काही नाही." मी आज्जींच्या कपाळावरनं हात फिरवला. मनात म्हटलं, चला, सुरेखा सुटली.

इथंच माझी चूक झाली. खरं कारण सापडलं म्हणजे निर्दोष माणूस आपोआप सुटतो, असं मला वाटलं होतं.

डॉक्टरांनी बाहेर येऊन अर्ध्या मिनिटात सांगितलं, "हाडाच्या गोळीनं आत जखम झालीय. गोळी बंद. हे पातळ औषध द्या, मऊ खायला द्या, महिन्यानं दाखवा." आणि ते पुढच्या पेशंटकडं गेले. त्यांचं काही खोटं नव्हतं. पण मंगलनं त्यातली एकच गोष्ट उचलली.

"गोळी कोण देत हुतं?"

"मीच," सुरेखा म्हणाली.

"ऐकलासा? तीच म्हणतीया! म्या काय म्हणत हुतो? औषध देऊन देऊन मारायला निघाली हुती माझ्या आईला!"

बाकांवर बसलेली वीस-पंचवीस माणसं माना वळवून बघायला लागली. सुभाष जमिनीकडं बघत होता. सुरेखानं तो कागद वर धरला. "कागदात लिवलंय तसंच दिलं की. सिस्टर, तुमाला दावलाय न्हवं मी? तुमी सांगा की."

मला सगळं माहीत होतं. बरोबर सांगायला चार वाक्यं पुरली असती. समोरच हाडाच्या डॉक्टरांची खोली होती, दार उघडं होतं. कागदावर आमच्या दवाखान्याचं नाव होतं. आत टेबलावर पुढचा पेशंट घसा बधिर करून वाट बघत होता. यातलं कुठलंही कारण मी आज देणार नाही. मी काय म्हणाले ते मात्र सांगते. मी म्हणाले, "हळू बोला, दवाखाना आहे हा. काय असेल ते बाहेर जाऊन मिटवा."

सुरेखानं कागद खाली घेतला. मंगल त्याच दिवशी आईला जयसिंगपूरला घेऊन गेली.

त्या दुपारी मी हाडाच्या डॉक्टरांकडं गेले. म्हटलं, सर, एकाच कागदावर तुम्ही आडवं राहायला सांगताय आणि ही गोळी देताय. ते म्हणाले, "सिस्टर, बसून घ्यायची असते हे सगळ्यांना माहीत असतं." कुणाला माहीत असतं? भाताच्या शेतात जन्म गेलेल्या हौसाबाईंना? "कंपनीच्या कागदात लिहिलेलं असतं," ते म्हणाले. मी म्हटलं, तो कागद मुंगीच्या डोळ्याएवढ्या इंग्रजी अक्षरात आहे आणि तोही त्यांच्यापर्यंत पोचला नाही. ते हसले. "तुमच्या खोलीचं तुम्ही बघा ना." मग वॉर्डच्या सिस्टरकडं गेले. ती म्हणाली, घरी सोडायच्या वेळी एकदम सहा-सात पेशंट असतात, औषधं समजावायला मला वेळ कधी मिळतो? खरंच मिळत नाही, मी ते काम केलेलं आहे. दुकानातला म्हणाला, मी 'सोम' लिहून दिलं की. प्रत्येकानं आपापला तुकडा चोख केला होता, आणि सगळे तुकडे मिळून एका म्हातारीची नळी भाजली होती. जबाबदार एकटीच ठरली. ती, जिनं सांगितलेलं तंतोतंत केलं. तिनं आमचं ऐकलं नसतं, सासूला उशीला टेकवून बसवलं असतं, दटावून भांडंभर पाणी पाजलं असतं, तर काही झालं नसतं. आमच्यावर विश्वास ठेवला हाच तिचा गुन्हा. मला अजून संताप येतो.

महिन्यानं आज्जी आल्या. कंबरेला पट्टा, पण पायांवर उभ्या. व्रण भरून आले होते, नळी आकसली नव्हती. हे नशीब, कारण कधीकधी जखम भरताना नळी अरुंद होते आणि मग जन्मभर ताणून घ्यावी लागते. मंगल खुशीत होती. "माझ्याकडं आली आनि तरारली बघा! हातगुण असतोय, सिस्टर."

गोळी बंद केली म्हणून आज्जी बऱ्या झाल्या होत्या. पण मलकापूरला बिघडल्या आणि जयसिंगपूरला सुधारल्या, एवढंच जगाला दिसत होतं. म्हणजे बरं होणंसुद्धा सुरेखाच्या विरुद्ध साक्षीला उभं राहिलं. ती त्या दिवशी मलकापुराहून एकटी एसटीनं आली होती आणि बाकाच्या टोकाला, कुणी हाकलायच्या आधीच हाकलल्यासारखी बसली होती.

या वेळी मी बोलले. बाकांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, आपल्या कोल्हापुरी आवाजात बोलले. म्हटलं, मंगलताई, गोळी द्यायची पद्धत चुकली, आणि ती चूक तुमच्या वहिनीची नाही, ती आमची आहे. आडवं राहा असं आम्ही लिहिलं. बसून, भांडंभर पाण्याबरोबर घ्या, हे आम्ही लिहिलं नाही. तिनं कागद पाळला. मी त्या दिवशीच हे सांगायला हवं होतं आणि मी तोंड मिटून बसले.

कोपऱ्यातून कुणीतरी "बरोबर हाय" म्हणालं. आज्जी रडायला लागल्या. "पाणी मीच घेत न्हवतो गं मंगल. मला लाज वाटायची."

मंगलनं आईचे डोळे पुसले. म्हणाली, "मला कुठं ठावं हुतं? आनि आता आई बरी झाली न्हवं? मग झालं की. कशाला उकरायचं?" ती वाईट बाई नव्हती. आईला घास उतरेना म्हणून घाबरलेली लेक होती, आणि राग कुणावर काढायचा ते आम्ही तिला कळू दिलं नव्हतं.

सुरेखा माझ्या मागोमाग आतल्या खोलीत आली. मला वाटलं, आभार मानेल. माझी तशी अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू?

"सिस्टर, हे त्या दिशी बोलाय पायजे हुतं."

"हो," मी म्हणाले.

"आता म्हैना झाला. गल्लीत माझ्या हातचा चा कुणी पीत न्हाई. हळदीकुंकवाला बोलीवलं न्हाई. सासूला औषध घातलं म्हणत्यात. माझ्या पोरीला शाळेत इचारलं, तुझ्या आईनं काय घातलं म्हणून. तुमी हितं बोललासा, चांगलं झालं. पर हितली माणसं काय मलकापूरला येनार हाईत?" मग ती म्हणाली, "मला लिवून द्या. दवाखान्याच्या कागदावर. मी दावीन सगळ्यांस्नी."

मी आमच्या दुर्बिणीच्या डॉक्टरांकडं गेले. ते भले माणूस, पण म्हणाले, "रिपोर्टमध्ये गोळीमुळं जखम असं लिहिलंय. त्यापलीकडं मला लिहिता येणार नाही." वर ऑफिसात गेले. तिथं उत्तर मिळालं, आपण असलं काही लेखी देत नसतो, उद्या केस होईल. मी म्हटलं, केस झालेलीच आहे, निकालही लागलाय, फक्त आरोपी चुकीचा आहे. त्यांनी फाइल बंद केली.

मग मी खाली येऊन एका कोऱ्या कागदावर मराठीत लिहिलं. हौसाबाईंना गोळीमुळं जखम कशी झाली, दवाखान्याच्या कागदात काय लिहायचं राहिलं, आणि सुरेखानं कागदातल्या सूचनेप्रमाणेच औषध दिलं, तिचा काही दोष नाही. खाली माझी सही केली, पूर्ण नाव आणि नर्सिंगचा नोंदणी क्रमांक लिहिला. सुरेखानं उभ्यानंच दोनदा वाचलं. ओठ हलत होते. मग कागद उलटा केला, पाठची बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला.

"सिस्टर, ह्याच्यावर दवाखान्याचा शिक्का न्हाई व्हय?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो औषधांच्या रिकाम्या पिशवीत ठेवला.

"मग ह्याला कोन मानतंय?" ती म्हणाली, आणि मलकापूरची गाडी धरायला निघाली.